मापाचा दिवस

मास्तर म्हणजे शिंपी, शाळेतले नव्हेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात नवीन आलेलं एखादं कुटुंब पाटीवर ‘मास्तर’ वाचून पोराची शिकवणी लावायला दुकानात शिरायचं, आणि मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायचे, “शिकवत नाही हो, शिवतो.” टाचण्या सदा तोंडात. त्यामुळे माणूस कमी बोलायचा, आणि बोलला की लोकांना वाटायचं फार विचार करून बोलला. तसं काही नव्हतं.

दुकान नगरभवनाच्या अगदी समोर. आत एक मशीन, एक लांब कापायचं टेबल, पडद्यामागे आरसा. दारापाशी स्टुलावर काजवाला बसायचा. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई ही त्याची कामं. वयाने मास्तरांपेक्षा मोठा आणि जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की हा सुई ओवता ओवता म्हणणार, “सोडा हो साहेब, शर्टाला खोटं बोलून काय मिळणार?”

मास्तरांचं सगळं आयुष्य एका हट्टावर उभं होतं. माप अंगावर घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. जुना शर्ट आणून ‘ह्याच्यावरून शिवा’ म्हणणाऱ्याला ते सरळ हात जोडायचे. हे मामांनी शिकवलेलं. आईबाप लवकर गेले, मामांनी वाढवलं, मामांच्याच दुकानात ते मशीनवर बसले. मामा म्हणायचे, माणूस बदलतो, शर्ट बदलत नाही. जुन्या मापावर शिवायचं ते फक्त मेलेल्या माणसाचं. मास्तरीणबाई ह्या हट्टाला हसायच्या. ह्यांना बाजारात पाठवलं तर भोपळासुद्धा टेपने मोजून आणतील, असं त्या शेजारणींना सांगायच्या. पण मास्तरांनी शिवलेला कोट खांद्यावर कसा बसतो ते गावाला ठाऊक होतं, म्हणून हसणारे हसून पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

दोघांना एकच लेक. जावई नदीपलीकडच्या पंपहाऊसवर कामाला. गावाचं सगळं पाणी तिथून यायचं. जावयाची आई ह्याच गावात, दुसऱ्या टोकाला राहायची. पण हा बायको आणि चिमुरडीला घेऊन तिकडच्या क्वार्टरमध्ये. पंप सोडून हलायला तयार नाही. लढाई सुरू झाली तेव्हा मास्तर त्याला म्हणाले होते, नोकरी गेली खड्ड्यात, निघून या. त्यावर तो गरीब स्वभावाचा माणूस एवढंच म्हणाला, “मी निघालो तर तुमच्या नळाला काय येईल, बाबा?”

आता थोडं राजकारण सांगावं लागेल. कंटाळू नका, मलाही त्यात गोडी नाही. डोंगरातल्या टोळ्या आणि सरकार ह्यांची जुंपली तेव्हा शेजारच्या देशांनी मिळून एक फौज पाठवली. नाव शांतिसेना. लोक नुसते ‘शेजारी’ म्हणायचे. थोड्या महिन्यांसाठी आलेले शेजारी वर्षानुवर्षं राहिले आणि दमले. मग ठरलं की ही फौज जगाच्या संघटनेने ताब्यात घ्यावी. शिपाई तेच, टोपी निळी. बंदुका चांगल्या येणार, गाड्या येणार, पंपहाऊसवर पक्का तळ होणार आणि नदीपलीकडचा रस्ता सगळ्यांना खुला होणार. तोवर त्या रस्त्यावर शेजाऱ्यांच्या ट्रकशिवाय काही जात नव्हतं. मास्तरांनी वर्षाहून जास्त काळ लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. नात बोलायला लागली तीही फोनवरच.

तेव्हा मास्तरांचा जीव कशात अडकला होता ते कळलं ना? त्या निळ्या टोपीत.

आणि बोलणी चालली होती समोरच, नगरभवनात. तिथल्या लांब टेबलाचं हिरवं आच्छादन मास्तरांनीच शिवलेलं, त्यामुळे पहारेकरी त्यांना आत जाऊ द्यायचे. आत काय चाललंय? तर भिजत घोंगडं. ताबा द्यायचा हे सगळ्यांना कबूल, कसा द्यायचा हे कुणालाच नाही. सेनापती कुणाचा ह्यावर महिने गेले. ते कसंबसं मिटलं, तर घोडं शिपायांच्या आकड्यावर अडलं. शेजारी सांगत होते आमचे जवान इतके. जगाच्या संघटनेकडून आलेल्या चष्मेवाल्या बाई म्हणत होत्या, दाखवा. शेजाऱ्यांना राग आला. आमच्या शब्दावर भरवसा नाही? बाई म्हणाल्या, भरवसा आहे, पण दाखवा. ह्या एका ‘दाखवा’वर सगळा देश ताटकळत बसला होता. काजवाला म्हणायचा, ह्यांना एक दिवस आपल्या नळाच्या रांगेत उभं करा, दुपारच्या आत तह होतो की नाही बघा.

अशात एके दिवशी शेजाऱ्यांचे मेजर दुकानात आले. ताबा देण्याच्या समारंभाला सगळे जवान एकसारखे दिसले पाहिजेत, अंगरखे शिवायचे आहेत, तीन मापांत शिवून टाका, लहान, मधलं, मोठं. काम एवढं की दुकानाला जन्मात मिळालं नसेल. मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि नाही म्हणाले. अंगावर माप घेईन, नाहीतर दुसरा शिंपी बघा. हवं तर मी चौकीचौकीवर येतो टेप घेऊन, पंपहाऊसपासून सुरुवात करतो. हे शेवटचं त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं. तेवढ्या निमित्ताने लेक भेटेल, एवढाच लोभ होता बिचाऱ्याचा.

मेजर चिडले. मग चिडता चिडता एकदम थांबले, नगरभवनाकडे बघत राहिले, आणि हसले. “तुम्ही कुठे हिंडता, मास्तर? मीच सगळ्यांना इथे आणतो. एका दिवसात.”

संध्याकाळी बातमी आली की बोलणी पुढे सरकली. शेजाऱ्यांनी बाईंना कळवलं होतं की अमुक दिवशी आमची झाडून सगळी फौज मापासाठी मैदानावर येणार आहे. तुमच्या माणसांना उभं राहून बघायचं असेल तर बघा. मोजणी म्हणायचं नाही, माप म्हणायचं. म्हणजे शेजाऱ्यांचा मानही राहिला आणि बाईंचं ‘दाखवा’ही झालं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! गावात मात्र जो तो मास्तरांच्या पाठीवर थाप मारून जात होता. मोठमोठ्यांना जमलं नाही ते मास्तरांनी टेपने केलं, म्हणाले. मास्तर लाजले. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन लागला. तिच्याही कानावर आलंच होतं. पंपहाऊसवरच्या शेजाऱ्यांच्या चौकीचा हवालदार, ज्याला चिमुरडी ‘मामा’ म्हणायची, तो म्हणाला होता की आम्ही सगळे ट्रकने गावात चाललोय, वहिनी, तुम्ही पण चला दिवसभरासाठी, जागा आहे.

“येऊ का बाबा?” लेकीने विचारलं. “हे काही येणार नाहीत. मी आणि पोर येऊन जातो.”

आता इथे मास्तर काय बोलले ते नीट ऐका. नातीला खोकला झाला होता. ट्रक उघडा, रस्ता धुळीचा. दिवसभर आपण मैदानावर, लेकीशी धड दोन शब्द बोलता येणार नाहीत. आणि आता सह्या होणारच, आठवड्यात रस्ता खुला होईल, मग आपणच गाडी करून जाऊ, जावयालाही भेटू. असा सगळा मायेचा हिशेब करून ते म्हणाले, “आत्ता नको. पोरीला धुळीत कशाला आणतेस? मीच येतो घ्यायला.”

लेक म्हणाली, पण चौकीवर कुणी राहणार नाही म्हणे. मास्तर म्हणाले, जातील आणि येतील, एका दिवसाचं तर काम. फोन ठेवल्यावर मास्तरीणबाई भडकल्या. लेक येते म्हणत होती आणि तुम्ही नको म्हणालात? बाप आहात की कोण? मास्तर म्हणाले, तुला कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी शंभरदा तरी म्हटलं असेल, आणि दरवेळी कळत नव्हतं ते त्यांनाच.

मापाचा दिवस उजाडला. मैदानावर ही रांग! मास्तर टेप लावत होते, आकडा बोलत होते, काजवाला लिहून घेत होता. छाती, खांदा, बाही. बाईंची माणसं रांगेच्या कडेने बोटांवर मोजत हिंडत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पंपहाऊसचा हवालदार समोर उभा राहिला. मास्तरांनी त्याच्या छातीभोवती टेप घेतला आणि विचारलं, “तुमच्यातले किती राहिले तिथे?”

“दोघं,” तो म्हणाला. “राहायला पाहिजेत निदान सहा. पण वरून हुकूम आला, जितके आणता येतील तितके आणा. आकडा भरायचाय ना.”

मास्तरांचे हात थांबले. दोघं. त्यांना वाटलं मेजरांना हाक मारावी, ह्यांना आत्ताच्या आत्ता परत पाठवा म्हणावं. मेजर दहा पावलांवर चष्मेवाल्या बाईंशी हसून बोलत होते. त्या दोघांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आता मध्ये तोंड घातलं आणि पुन्हा सगळं फिसकटलं तर? मास्तर हवालदाराला म्हणाले, “हात वर करा.” आणि त्यांनी काखेखालून माप घेतलं.

दुपार कलली आणि गावातले नळ बंद पडले. मास्तरीणबाई धुणं घेऊन बसल्या होत्या. धार बारीक झाली, नळ खोकला आणि थांबला. वीज गेली असेल म्हणून त्यांनी बटण दाबून पाहिलं, तर दिवा लागला. मग त्या तशाच, ओल्या हातांनी, मैदानाकडे धावत सुटल्या.

टोळीवाल्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. सगळ्या चौक्या गावात आल्यात हे डोंगरावरून आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी चौकीवरच्या दोघांना मारलं, पंपाच्या खोलीत शिरले, आणि जावयाला पंपाशेजारीच मारलं. क्वार्टरमधल्या बायकापोरांनी पाणी गाळतात त्या गाळणीघरात शिरून लोखंडी दार लावून घेतलं म्हणून ती वाचली. लेकीचा फोन आला तो अगदी थोडका. “हे गेले. आम्ही गाळणीघरात आहोत. टोळीवाले अजून बाहेर माळावरच आहेत. बाबा, गाडी पाठवा.” पुढे फोन बंद झाला.

मास्तर मेजरांचे पाय धरायला गेले. आणि आता ऐका गंमत, गंमतच म्हणायची. शेजाऱ्यांचा एकही ट्रक हलेना! बातमी येताच बाईंनी भर बैठकीत म्हटलं होतं की हा शेजाऱ्यांचा निष्काळजीपणा. शेजारी म्हणाले, मोजणीचा हट्ट तुमचा. दोष मागे घ्या, तोवर आमचा जवान छावणीबाहेर पाऊल टाकणार नाही. बाई म्हणाल्या, सह्या झाल्याशिवाय आमचा अधिकार सुरू होत नाही, आम्ही कुणाला पाठवू? दोघांचं म्हणणं अगदी कायदेशीर. आणि पलीकडे लोखंडी दाराआड पोरंबाळं घेऊन बसलेल्या बायका. मला विचाराल तर त्या दिवशी त्या हिरव्या टेबलाला काडी लावायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर दुकानात आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं की एक वाट निघाली आहे, दोन्ही बाजूंना चालण्यासारखी. दोष त्यांचाही नाही, आमचाही नाही. सगळ्यांना एकाच वेळी आणा हा आग्रह शिंप्याचा होता. तुम्ही येऊन एवढं बोला. दुपारी सह्या होतात आणि त्याच क्षणी ट्रक सुटतात.

“मी म्हणालो होतो अंगावर माप घेईन,” मास्तर म्हणाले. “मी चौक्यांवर यायला तयार होतो. सगळ्यांना आणा असं मी कधी म्हणालो?”

मेजरांनी मान खाली घातली. म्हणाले, नाही म्हणालात, मला माहीत आहे. मग हळूच म्हणाले, गाळणीघरात पाणी आहे, पण खायला काही नाही.

ते गेल्यावर काजवाला सुई खाली ठेवून म्हणाला, “मास्तर, उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ही. शेळी कोण ते कळलं ना?” मास्तर म्हणाले, कळलं. आणि चप्पल घालून रस्ता ओलांडून गेले.

ज्या आच्छादनाला त्यांनी दुहेरी शिलाई घातली होती, त्याच्यासमोर त्यांना उभं केलं. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, सगळे जवान एकाच दिवशी बोलवावेत ही मागणी तुमची होती का? मास्तर म्हणाले, हो. कुणाचा दबाव? नाही. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. हे खोटं आहे हे बाईंना समजलं होतं, मास्तरांना ते दिसलं. आणि तरी त्यांनी होकाराची मान हलवली हेही दिसलं. दुपारी रेडिओवर आलं. दोन्ही बाजूंनी संयम दाखवला, दुर्दैवी घटनेचं मूळ एका स्थानिक शिंप्याच्या हट्टात होतं, ताब्याच्या करारावर सह्या झाल्या. पुढे समारंभ झाला तो जुन्याच कपड्यांत. टोप्या तेवढ्या निळ्या. पण त्याचं इथे काही नाही.

बातमी संपायच्या आत दुकानासमोर माणसं जमली. कालपर्यंत पाठ थोपटणारीच. एकाने पाटी खाली ओढली. कोरडी घागर घेऊन आलेली एक बाई नुसती उभी राहून बघत होती, मास्तरांना तिचंच बघणं जास्त लागलं. ते घरी आले. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक होतं. दोघं दारात बसून राहिली. ट्रक येणार, लेक येणार, ह्यापलीकडे मास्तरांना काही नको होतं. लोक काय म्हणतील ते म्हणोत. मेलेला जावई आठवला की त्यांना हुंदका यायचा आणि लगेच वाटायचं, लेक तर येतेय.

उन्हं उतरता उतरता ट्रक आला. हवालदाराच्या खांद्यावर नात झोपलेली. लेक मागून उतरली. कपड्यांवर जावयाचं रक्त वाळलेलं होतं. मास्तरीणबाईंनी धावत जाऊन तिला मिठी मारली. ती आईच्या गळ्यात पडली, पण डोळे बापावर.

“गाळणीघरात चौकीदाराचा रेडिओ होता,” ती म्हणाली. “नाव नाही सांगितलं, नुसतं शिंपी म्हणाले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, गावात काय एकच शिंपी आहे का? बाबा, तुम्ही नव्हता ना?”

मास्तरीणबाई बोलायला गेल्या. मास्तरांनी हाताने थांबवलं. तुला आणायला खोटं बोललो, हे सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं, निदान तसं वाटलं असतं. ते त्यांच्या तोंडापर्यंत आलंही. पण लेकीने पुढचं विचारलं.

“चौकी रिकामी होणार, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं. आणि तरी ट्रकमधून येऊ नको म्हणालात?”

हा प्रश्न नगरभवनातल्या टेबलावर कुणीच विचारला नव्हता. ह्याला खोटं उत्तर नव्हतंच.

“हो,” मास्तर म्हणाले. “माहीत होतं.”

लेकीने हवालदाराकडून मुलीला आपल्या खांद्यावर घेतलं.

“दादा, मला सासूबाईंकडे सोडाल का?” ती म्हणाली. “त्यांना अजून कुणी सांगितलं नसेल.”

हवालदाराने मास्तरांकडे पाहिलं, आणि मग खाली बघत ट्रकची फळी उघडली. मास्तर पायरीवरून उतरले, दोन पावलं पुढे गेले, आणि पोरीला हात लावायचं धाडस झालं नाही म्हणून थांबले. ट्रक वळला. मास्तरीणबाईंनी पायात चप्पल सरकवली, त्यांच्याकडे न बघता फाटक उघडलं आणि ट्रकच्या मागून भराभर चालत निघाल्या.